दुसऱ्याच्या ओंजळीने : फ्रेंच ग्रंथ आणि आपण

'दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे' असा एक वाक्प्रचार मराठीत आहे. परावलंबी माणसाला उद्देशून तो वापरतात. माझ्या आजीच्या पिढीला तो वाक्प्रचार नव्हता, रोजचा व्यवहार होता. विहिरीपासून दूर उभे राहावयाचे, कोणाला दया आली तर त्याने वरून धार सोडावयाची आणि आपण खाली ओंजळ धरावयाची. ओंजळ आपली असे, घागर दुसऱ्याची. म्हणून किती प्यावयाचे हे घागरवाला ठरवी. पाण्याचे जे झाले तेच ग्रंथांचे झाले. जगाचे ज्ञान आपल्यापर्यंत आले ते कोणाच्या तरी हातून, गाळून आणि देणाऱ्याच्या सोयीने. फ्रेंच ग्रंथांशी आपला संबंध कसा आला हे या दृष्टीने तपासले पाहिजे.

'फ्रेंच साहित्याशी आपला काय संबंध?' हा प्रश्न मला माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारला. प्रश्न रास्त आहे. मी नावड्याला राहतो. वडील तळोजा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होते; पदवीपर्यंत पोहोचलेला घरातला मी पहिला. माझे बहुतेक विद्यार्थी अशाच घरांतले. त्यांना पॅरिस दूर वाटते यात नवल नाही. परंतु नावडे ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात महाड आहे. १९८१ पर्यंत त्याला कुलाबा जिल्हा म्हणत, आता रायगड म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर महाडपासून सुरू होते.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत बोलताना बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रसभेशी केली. ज्यांना तळ्याच्या पाण्याला हात लावण्याची बंदी होती त्यांच्यासमोर ते व्हर्सायचा इतिहास मांडीत होते. चवदार तळ्याचा प्रश्न हा केवळ तहानेचा नसून माणसाच्या समान हक्काचा आहे, हे सांगण्यासाठी त्यांना जगाच्या इतिहासात तोलामोलाचे उदाहरण हवे होते आणि ते त्यांनी फ्रान्समध्ये शोधले. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले.

या भाषणात बाबासाहेबांनी २४ जानेवारी १७८९ ही तारीख दिली आहे. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी तिचा उल्लेख केला, तेव्हा एक विद्वान प्राध्यापक हसून म्हणाले, "तारीख चुकली आहे. सभा भरली ५ मे रोजी. तुमच्या लोकांनी जरा मुळात जाऊन वाचावे." सभागृहात काही जण हसले. मी गप्प बसलो, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुळात जाऊन मी कधी पाहिलेच नव्हते.

पुढच्या शनिवारी नावडे रोडला दिव्याची गाडी धरली, दिव्याला बदलून मुंबई गाठली आणि ग्रंथालयात फ्रेंच राज्यक्रांतीच्या कपाटाशी उभा राहिलो. दशांश वर्गीकरणात फ्रान्सचा इतिहास ९४४ खाली आणि फ्रेंच साहित्य ८४० खाली येते. हे दोन आकडे माहीत असले की कोणाला विचारावे लागत नाही. दुपारपर्यंत उत्तर मिळाले. प्रतिनिधी कसे निवडावेत याविषयीचा सोळाव्या लुईचा हुकूम निघाला तो २४ जानेवारी १७८९ रोजी. व्हर्सायला सभा उघडली ५ मे रोजी. तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रसभा म्हणवून घेतले १७ जूनला आणि मानवी हक्कांचा सतरा कलमांचा जाहीरनामा मंजूर झाला २६ ऑगस्टला. बाबासाहेब राजाच्या हुकुमाविषयी बोलत होते. प्राध्यापक सभेच्या उद्घाटनाविषयी. तारीख चुकली नव्हती. चुकलो होतो मी, कारण बाबासाहेबांचा बचाव मी श्रद्धेने करू पाहत होतो. त्यांना श्रद्धेची गरज नव्हती, पडताळ्याची होती.

त्याच शोधात दुसरी एक गोष्ट हाती लागली. त्या हुकुमानंतर फ्रान्सच्या गावोगावी लोकांनी आपल्या गाऱ्हाण्यांच्या वह्या तयार केल्या. मीठावरचा कर, जमीनदाराचे हक्क, वेठ, असे सारे त्यांत आहे. साहित्याच्या इतिहासात या वह्यांना क्वचितच जागा मिळते. परंतु ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनीही सांगून लिहवून घेतलेले हे लेखन आहे. आमच्या आयाबायांनी अर्जनविसाला सांगून लिहवून घेतलेले अर्ज ज्याने पाहिले आहेत त्याला या वह्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता मुंबईकडे वळू. फोर्टातील टाउन हॉलमध्ये जे जुने ग्रंथालय आहे त्याच्या मुळाशी १८०४ साली स्थापन झालेली एक साहित्यसंस्था आहे. तिचे संस्थापक सर जेम्स मॅकिन्टॉश. याच गृहस्थांनी १७९१ साली एडमंड बर्कला उत्तर म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला होता. पुढे त्यांनी स्वतःच ती मते सोडली आणि मुंबईचे न्यायाधीश म्हणून ते येथे आले. समतेच्या क्रांतीची वकिली केलेल्या माणसाने उभारलेल्या या संस्थेत पहिला हिंदी सभासद घेतला गेला तो १८४० साली, आणि तोही सधन पारशी घराण्यातला. ग्रंथ आले, पण दार उघडले नाही. महारामांगांची तर तेथे कोणी गणतीही केली नव्हती.

१७९१ सालीच बर्कला दुसरे एक उत्तर निघाले, टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन'. पेन पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय परिषदेवर निवडून गेला. हा ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली. मॅकिन्टॉशच्या संस्थेतील कपाटे बंद असताना फ्रेंच क्रांतीचा विचार पेनच्या इंग्रजीतून माळ्याच्या घरात पोहोचला होता. ओंजळ दुसऱ्याचीच होती, पण फुल्यांनी काय प्यावे हे स्वतः ठरविले.

याच काळात आणि नंतर पांढरपेशा मराठी वर्गानेही फ्रेंचमधून घेतले. काय घेतले? ह. ना. आपट्यांनी मोलियेरचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' केले. देवलांचे 'संशयकल्लोळ' (१९१६) मुळात मोलियेरचे, पण वाटेत आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून आलेले. ही नाटके चांगली आहेत. मीही हसलो आहे. पण हेही नोंदविले पाहिजे की ओंजळ केवळ आपलीच परकी नव्हती. प्रस्थापितांनीही फ्रेंच पुष्कळदा इंग्रजांच्या हातूनच घेतले. 'तुमचे विचार उसने' असे आपल्याला म्हणणाऱ्यांनी आपल्या रंगभूमीची ही वंशावळ आठवावी.

बाबासाहेबांनी ही साखळी तोडण्याचा प्रयत्न केला. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांचे ढीगभर अभ्यासक्रम घेतले. त्या यादीत एक छोटी नोंद आहे : प्राथमिक फ्रेंच, एक अभ्यासक्रम, प्राथमिक जर्मन, एक. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवर जो निबंध वाचला त्यात एमिल सेनार या फ्रेंच पंडिताची जातीची व्याख्या त्यांनी प्रथम घेतली आणि तिच्यातील उणीव दाखविली. सेनारचा ग्रंथ १८९६ चा. त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले १९३० मध्ये. त्याच निबंधात गाब्रिएल तार्दचा अनुकरणाचा सिद्धांत त्यांनी वापरला : वरच्यांचे अनुकरण खालचे करतात, आणि अंतर जितके कमी तितके अनुकरण अधिक. त्यावरून एका वर्गाने दार लावून घेतल्यावर इतरांनीही ते कसे लावले, याची त्यांनी मांडणी केली. पंचवीस वर्षांच्या तरुणाने फ्रेंच विद्वानांपुढे मान तुकविली नाही. त्यांना कामाला लावले.

आता उलट बाजू पाहू. आपण फ्रेंच वाचत नव्हतो तेव्हा फ्रेंच आपल्याविषयी काय लिहीत होते? 'पारिया' हा शब्द तमिळनाडूतील परैयर या जातिनामावरून युरोपीय भाषांत गेला. १७९१ च्या सुमारास बेर्नार्दँ द सँ-पिएर याने 'हिंदी झोपडी' या अर्थाच्या नावाची एक कथा प्रसिद्ध केली. सत्याच्या शोधात निघालेला एक इंग्रज विद्वान जगन्नाथाच्या मुख्य ब्राह्मणाकडे जातो आणि निराश होऊन परततो. वादळात त्याला आसरा मिळतो तो एका पारियाच्या झोपडीत. त्याचे नोकर मात्र विटाळाच्या भीतीने आत येण्यास कचरतात. पारियाची बायको सतीच्या चितेपासून सुटलेली ब्राह्मण विधवा आहे. ज्ञान मिळते ते पारियाकडून. १८२१ मध्ये काझिमिर दलाव्हिन्यने पारियावर शोकनाट्य रचले. १८३८ मध्ये फ्लोरा त्रिस्ताँ या बाईने, नवऱ्याच्या जाचातून सुटून पेरूला केलेल्या प्रवासाचे वृत्त लिहिताना स्वतःलाच 'पारिया' म्हटले. पुढे तिने कामगारांच्या एकजुटीचा आराखडा मांडला.

म्हणजे फुल्यांची शाळा निघण्यापूर्वीच आपले नाव पॅरिसच्या रंगभूमीवर होते आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. याचा अभिमान बाळगावा काय? मला तसे वाटत नाही. सँ-पिएरचा पारिया निसर्गाच्या कुशीत समाधानी आहे. तो तळ्यावर जात नाही, हक्क मागत नाही. दुःख आपले, उपयोग त्यांचा, असा हा प्रकार आहे. तरीही हे साहित्य वाचले पाहिजे, कारण आपल्या नावाचा असा वापर कोठे सहानुभूती होता आणि कोठे सोय, हे आपल्याइतके नेमके दुसरा कोण तपासणार?

हा इतिहास १९९० साली एका वळणावर आला. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) गी प्वातव्हँ यांनी फ्रेंचमध्ये नेले. 'माझे अस्पृश्याचे आयुष्य' अशा अर्थाच्या नावाने ते पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. सँ-पिएरच्या पारियानंतर सुमारे दोनशे वर्षांनी मराठी दलित लेखक फ्रेंच भाषेत स्वतःच्या तोंडाने बोलला. आता कोणी 'पारिया'पासून 'बलुतं'पर्यंत फ्रेंच साहित्याचा अभ्यास करील तर तो विषय आपलाच आहे.

एक सावधगिरी हवी. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बाबासाहेबांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, बुद्धापासून घेतली आहेत. १९२७ चे भाषण आणि १९५४ चे हे वाक्य यांत विसंगती शोधणारे आहेत. मला त्यात एका वाचकाचा प्रवास दिसतो. फ्रान्सचा इतिहास त्यांनी मुळातून तपासला म्हणूनच तो कोठपर्यंत पुरतो हेही त्यांना कळले. त्या जाहीरनाम्यानंतरही फ्रान्सच्या वसाहतींत गुलामी चालूच होती; १७९४ मध्ये ती रद्द झाली, १८०२ मध्ये नेपोलियनने परत आणली. १ जानेवारी १८०४ रोजी हैतीच्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य जाहीर केले. मॅकिन्टॉशची संस्था मुंबईत निघाली ती याच वर्षी.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे साधे आहे. भाषांतर हाती आले की प्रथम नावाच्या पानाची मागची बाजू वाचा. मूळ नाव, मूळ साल, भाषांतरकार टिपून ठेवा. उतारा सापडला की तो कोणी कोणाकडून घेतला ते शोधा. शासनाने १९७९ पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत एकही परका विद्वान दिसला की त्याच्या ग्रंथापर्यंत जा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९७ पासून आपले जुने ग्रंथ गॅलिका या नावाने सर्वांसाठी खुले केले आहेत. नावड्यातल्या खोलीत बसून मोबाइलवर ते उघडता येतात. त्यासाठी कोणापुढे ओंजळ धरावी लागत नाही. थोडे फ्रेंच मात्र शिकावे लागते. बाबासाहेबांनीही प्राथमिक फ्रेंचपासूनच सुरुवात केली होती.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला होता तिने सँ-पिएरची ती कथा इंग्रजीतून वाचली. पुस्तक परत करताना ती म्हणाली, "सर, यात पारियाला नाव का नाही?" मी तिला मूळ फ्रेंच प्रत उघडून दिली आणि शब्दकोश शेजारी ठेवला.