नाव झाकावे, निकाल झाकू नये

1 मार्च 2013 रोजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे राज्यसभेत भंडारा जिल्ह्यातल्या तीन लहान बहिणींच्या मृत्यूविषयी निवेदन वाचत होते. त्यात त्यांनी तिन्ही मुलींची नावे घेतली. विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी हरकत घेतली आणि ती नावे कामकाजातून वगळण्यात आली. त्याआधी गावकऱ्यांनी तपासातल्या ढिलाईविरुद्ध महामार्ग अडवला होता. बोभाटा झाला म्हणूनच हे प्रकरण दिल्लीपर्यंत पोचले, हे मान्य करावे लागते. पण यंत्रणा हलली ती लोकांना ढिलाई कळली म्हणून. मुलींची नावे कळण्याची त्यासाठी काहीच गरज नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिची किंमत मुलांनी मोजली आहे.

विदर्भाइतका याचा कडू अनुभव दुसऱ्या कुठल्या प्रदेशाला क्वचितच असेल. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणे गुन्हा ठरले आणि अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात होऊ लागली. तोवर त्या मुलीचे नाव खटल्याचेच नाव होऊन बसले होते. कायद्याच्या वर्गांत ते आजही घेतले जाते, म्हणून इथे ते लिहीत नाही. त्या पत्राची ताकद निकालातल्या तर्काची चिरफाड करण्यात होती. निकाल वाचायला मिळाला नसता, तर पत्रच लिहिले गेले नसते.

खुले न्यायालय हा नियम असला तरी ते न्यायाचे साधन आहे, साध्य नव्हे, असे 1966 मध्ये मिरजकर खटल्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या पीठाने मानले. तिथे प्रश्न एका साक्षीदाराच्या धंद्याच्या नुकसानीचा होता. व्यापाऱ्यासाठी जे चालते, ते लेकरासाठी का चालू नये? मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याने तर नावाबरोबर पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार यांवरही बंदी घातली. शहरात हे अतिरेकी वाटेल. पण मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात मुलीची इयत्ता आणि बापाचा धंदा एवढे छापले, तरी संध्याकाळपर्यंत घर कळते. तिथे फक्त नाव गाळणे म्हणजे काहीच न झाकणे.

यावर आक्षेप येतो की बंद दाराआड पोलिसांच्या, वकिलांच्या, खुद्द न्यायाधीशांच्या चुका दडतात. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच खंडपीठाने दिले आहे. 19 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही. साक्षी बंद दालनात झाल्या तरी निकाल सर्वांना वाचता आला, देशभर संताप उसळला आणि आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. 18 नोव्हेंबरला तो रद्दही झाला. चूक पकडली गेली ती निकालातल्या कारणांवरून. आईबाप स्वतःच नाव द्यायला तयार असतील तर? 2018 च्या निपुण सक्सेना निकालाने तो निर्णयही न्यायालयाकडे ठेवला आणि मृत मुलीलाही हे संरक्षण दिले. मला हे योग्य वाटते, कारण संतापाच्या भरात दिलेले नाव नंतर परत घेता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाचा पोक्सोखालचा प्रत्येक निकाल, मुलाची ओळख पटेल असा तपशील वगळून, कारणांसकट आणि मराठीत, करडीच्या माणसाला वाचायला मिळाला पाहिजे.