डाऊन सिंड्रोम आणि ल्युकेमिया : बिघाड सुरू होतो कुठे?

‘ग्रहण पाळलं नाही म्हणून बाळाला असं झालं,’ हे यवतमाळकडे आईला अजूनही ऐकावं लागतं. तिचा काही दोष नाही.

डाऊन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र जादा असतं, हे १९५९ मध्ये पॅरिसच्या लेज्यून यांनी दाखवलं. पण यातल्या काही नवजात बाळांच्या रक्तात ल्युकेमियासारख्या पेशी दिसतात आणि बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात, हे कोडं होतं. २००२ मध्ये अशा मुलांच्या ल्युकेमियात ‘गाटा-१’ जनुकातला बिघाड सापडला; पुढच्याच वर्षी नवजात बाळांतही तोच! म्हणजे सुरुवात पोटातच होते. बिघाड आईबापाकडून येत नाही. काही पेशी मागे राहतात, त्यांत आणखी बिघाड झाले की साधारण चार वर्षांच्या आत खरा ल्युकेमिया होतो. म्हणून बाळाचा सीबीसी आणि स्मिअर पहिल्या आठवड्यातच करा. पेशी गेल्या तरी तपासणी सोडू नका. हा ल्युकेमिया केमोला चांगली दाद देतो, डोसही कमी लागतो.