हंगेरीतील गरिबीची मोजदाद

१९८९ साली पूर्व युरोपातील कम्युनिस्ट राजवटी एकामागून एक कोसळल्या. त्या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बर्लिनची भिंत आणि प्रागचे गर्दीने भरलेले चौक आपल्या डोळ्यांपुढे आहेत. परंतु राजवट बदलल्यानंतर तेथील माणसाच्या ताटात किती उरले हे कोणी मोजले, आणि मोजण्याची ही विद्या त्यांनी कोठे कमावली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही आज तेच विचारणार आहोत, आणि त्यासाठी हंगेरी हा एकच देश घेणार आहोत. क्षेत्रफळाने तो आपल्या महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाएवढाही नाही. लोकसंख्या सुमारे एक कोट. पण अप्रिय आकडे काढणाऱ्या माणसांची एक परंपराच त्या देशात नांदली.

आरंभ यानोश कोर्नाई यांच्यापासून करणे भाग आहे. पक्षाच्या वर्तमानपत्रातून बाहेर पडावे लागलेला हा तरुण बुडापेस्टच्या अर्थशास्त्र संस्थेत आला आणि हलक्या उद्योगांतील कारखान्यांचे व्यवस्थापक गाठून त्यांना साधे प्रश्न विचारू लागला. वरून हुकूम येतो तेव्हा तुम्ही काय करता? उत्तरे मोठी बोलकी होती. उत्पादनाचे मूल्य भरले की बक्षीस मिळे, म्हणून माल महाग कच्च्या मालाचा करावा. महिना संपत आला की धावाधाव करून आकडा गाठावा. आणि आकडा फार पुढे मात्र नेऊ नये, नाही तर पुढच्या वर्षी तोच पायंडा होऊन बसायचा! हा प्रबंध सप्टेंबर १९५६ मध्ये भरलेल्या सभागृहात मांडला गेला. ऑक्टोबरात उठाव झाला, नोव्हेंबरात रशियन रणगाडे आले. पुस्तक १९५७ साली निघाले खरे, पण कोर्नाई यांची नोकरी गेली.

त्यांचा पुढचा मोठा ग्रंथ, टंचाईचे अर्थशास्त्र, १९८० सालचा. त्यातील मुख्य कल्पना कोणाही गृहस्थाला समजेल अशी आहे. लाडावलेल्या मुलाचे देणे बाप फेडणारच, हे मुलाला ठाऊक असते आणि सावकारालाही. सरकारी कारखान्याचे तेच. तोटा कितीही होवो, सरकार हात देणार; मग उधळपट्टीला आळा कसा बसावा?

हे झाले कारखान्यांचे. माणसांची मोजदाद निराळ्या हातांनी झाली. सरकारी सिद्धांत असा की, समाजवादी देशात कामगार आणि शेतकरी हे दोन वर्ग, व बुद्धिजीवींचा एक थर. बाकी काही नाही. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयात काम करणाऱ्या झुझा फेर्गे यांनी १९६३ सालच्या पाहणीत लोकांची विभागणी ते प्रत्यक्ष कोणते काम करतात त्यावरून केली. वर्गांच्या नावाखाली झाकलेली विषमता उघडी पडली. शब्द सौम्य होते, म्हणून ते खपले.

इश्तवान केमेनी यांचे मात्र खपले नाही. १९५६ च्या उठावानंतर तुरुंगवास भोगलेल्या या समाजशास्त्रज्ञाकडे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची पाहणी आली. विषयाचे नावच तसे होते: 'कमी उत्पन्नाचे लोक'. केमेनी यांनी १९७० साली विज्ञान अकादमीतील व्याख्यानात त्यांना सरळ 'गरीब' म्हटले. एक शब्द! समाजवादाने गरिबी नष्ट केली असे जेथे शाळेत शिकवीत, तेथे हा शब्द म्हणजे आरोपपत्रच होते. पुढील काही वर्षांत त्यांची नोकरी गेली, लेखन छापणे बंद झाले आणि १९७७ साली ते पॅरिसला निघून गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी गुरूचा शब्द टाकला नाही. ओत्तिलिया शोल्त आदींनी १९७९ साली गरिबांच्या साहाय्यासाठी एक निधी उघडला, आणि नावातच 'गरीब' हा शब्द घातला. जुने कपडे व पैसे गोळा करून वाटण्याच्या या कामावर पोलिसांची पाळत असे.

मग १९८९ आले. बोलण्याची बंदी गेली, आणि बोलण्यासारखे दुर्दैवाने पुष्कळ झाले. १९८९ ते १९९३ या काळात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक-पंचमांशाने घटले आणि दहा लाखांहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या. १९८५ साली निघालेली तार्की ही संशोधनसंस्था १९९२ पासून त्याच त्याच कुटुंबांकडे दरवर्षी जाऊ लागली. एकदाच केलेल्या पाहणीत किती गरीब आहेत एवढेच कळते; तेच घर पुन्हा पाहिले म्हणजे कोण गरिबीत पडला, कोण वर आला आणि कोण अडकून राहिला हे कळते.

येथेच जुने सहप्रवासी एकमेकांसमोर उभे राहिले. कोर्नाई म्हणू लागले की, हंगेरीचे कल्याणकारी राज्य अकाली जन्मलेले आहे. श्रीमंत देशांना झेपेल असा खर्च हा मध्यम ऐपतीचा देश करतो आहे. फेर्गे यांचे उत्तर असे की, नोकरी गेलेल्या घरात मुलांचा भत्ता आणि आजीचे निवृत्तिवेतन एवढेच उरते. शिवाय भत्ता फक्त गरिबांना ठेवला की मध्यमवर्गाची आस्था संपते आणि तो आटत जातो. दोघेही आकड्यांनिशी बोलत होते.

निकाल खजिन्याने लावला. १२ मार्च १९९५, रविवार. अर्थमंत्री लायोश बोक्रोश यांनी चलनाचे ९ टक्के अवमूल्यन, आयातीवर ८ टक्के अधिभार, विद्यापीठांत शुल्क आणि भत्त्यावर उत्पन्नाची अट जाहीर केली. कल्याणमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्या सरकारात भागीदार असलेल्या पक्षाच्या संस्थापकांत गरिबांचा निधी चालविणारी मंडळीही होती, हे विसरता येत नाही. ३० जूनला घटना न्यायालयाने मुलांच्या भत्त्यासंबंधीच्या तरतुदी रोखल्या; लोकांनी ज्यावर संसार बेतला ते एका रात्रीत काढून घेता येत नाही, असा त्याचा आशय. परकीय व्यवहारातील तूट खरीच भयंकर होती आणि ती पुढे आवरली, हे कोर्नाई यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण त्या वर्षी महागाई सुमारे २८ टक्के झाली व पगाराची खरी किंमत सुमारे १२ टक्क्यांनी उतरली. आमच्या मते ओझे वाहिले ते मुख्यतः पगारदारांनी. भत्त्यावरील वादात ही गोष्ट झाकली गेली.

केमेनी परत आले होते. १९७१ साली त्यांनी देशातील रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांची पाहणी केली होती. तेव्हा कामाच्या वयातील रोमा पुरुषांपैकी सुमारे ८५ टक्के नोकरीवर होते, म्हणजे इतर हंगेरियन पुरुषांच्या जवळपास बरोबरीने. काम मुख्यतः अकुशल: खाणीत, बांधकामावर, पोलादाच्या भट्टीवर. १९९३ च्या अखेरीस त्यांनी सहकाऱ्यांसह पुन्हा तीच पाहणी हाती घेतली. तोट्यातले कारखाने बंद पडले होते. नोकरी असलेल्या पुरुषांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्याही खाली आले होते. २००३ साली तिसरी पाहणी झाली, तेव्हाही ते फारसे वर चढलेले नव्हते.