विजय कोणाचा मोठा?

गावची पोरगी खो-खोत जिल्ह्याला खेळून आली की आपण तिचं कौतुक करतो. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, "खो-खोच तो! टेनिससारखा मोठा खेळ थोडाच आहे?" आज या बोलण्याचाच जरा विचार करू. त्यासाठी नव्वद वर्षं मागं जावं लागेल.

1934 साली इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेत मुंबईची एक मुलगी उतरली. नाव लीला राव, वय बावीस. समोर इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. लीलानं पहिला डाव 4-6 असा गमावला. दुसरा 10-8 असा झुंजून घेतला आणि तिसरा 6-2 नं जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्याच फेरीत ती हरली, पण देशातलं अजिंक्यपद तिनं अनेकदा मिळवलं.

हे घडलं कसं? लीलाची आई म्हणजे पंडिता क्षमा राव. संस्कृतात कविता करणाऱ्या विदुषी, आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. क्षमाबाई लहान असतानाच त्यांचे वडील वारले, तरी त्या शिकल्या आणि मुलीलाही घडवलं. लीलाचे वडील मुंबईत डॉक्टर. त्या काळी विम्बल्डनला बक्षिसाचे पैसे नव्हते, ते 1968 पासून सुरू झाले. म्हणजे रॅकेट, बूट, बोटीचा प्रवास, सगळा खर्च पेलणाऱ्या घरातलीच मुलगी तिथं पोहोचू शकत होती. लीलाची मेहनत खरीच, पण शेतात राबणाऱ्या घरच्या लेकीला त्या मैदानाचं दारही दिसत नव्हतं.

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. खो-खोला दोन खांब आणि सपाट जागा पुरते. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं या खेळाचे नियम बांधले, आणि पुढं तो शाळाशाळांत पोचला. धाराशिवची सारिका काळे अशीच शाळेत असताना खेळायला लागली. घरात आई शिवणकाम करायची. बरीच वर्षं एकवेळच्या जेवणावर काढली, असं सारिकानं स्वतः सांगितलं आहे. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढं जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, तिचं कुटुंब मूळचं बीड जिल्ह्यातलं.

मग मोठं कोण? खरं बोलायचं तर टेनिस जगभर खेळतात, तिथं एक सामना जिंकणंही अवघड. खो-खो खेळणारे देश अजून थोडे आहेत. ही बाजू लीलाची. पण कोण कुठून निघालं तेही बघावं लागतं. सारिका उपाशीपोटी निघाली होती. आणखी एक गोष्ट बघा. लीलानंतर मोठ्या टेनिस स्पर्धांत भारतीय बायकांची रांग लागली नाही. निरुपमा वैद्यनाथननं ऑस्ट्रेलियात एकेरीचा सामना जिंकला तो 1998 साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी. खो-खोत मात्र सारिकानंतर नऊ वर्षांच्या आत मराठवाड्याच्या मातीतली दुसरी कर्णधार उभी राहिली. जिथं पुष्कळ पोरी खेळतात, तिथं एकीमागं दुसरी येते.

म्हणून दोघींना एका तराजूत घालू नका. दोघींच्या घरात एक गोष्ट मात्र सारखी होती: पोरीला खेळू दिलं.

आपल्याकडं काय होतं? सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढा, सातवी-आठवीपर्यंत पोरगी मैदानात दिसते. पाळी आली, पाणी भरायला, धाकट्याला सांभाळायला हात हवा झाला, की तिचा खेळ बंद. मुलाचा चालू राहतो. हे कुठल्या सरकारी कागदानं ठरत नाही. ते आपल्या चुलीपाशी ठरतं.

तेव्हा येत्या बैठकीत हप्ता भरून झाला की एवढं विचारा: आपल्या गटातल्या कुणाच्या लेकीनं यंदा खेळणं सोडलं, आणि का? संध्याकाळचं तिचं एक तासाचं काम घरात कोण उचलेल, तेही तिथंच ठरवा.