कबरीतून कोण उठते?

हिवरखेड हे तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावासारखे येथेही अंधार पडला की गोष्टींना तोटा नसतो. कुणाच्या विहिरीवर हडळ असते, कुणाच्या पिंपळावर मुंजा. मोबाईल घराघरांत आल्यापासून या मंडळींत एका परदेशी पाहुण्याची भर पडली आहे. आमच्या पाचवीच्या वर्गात एका मुलाने एक दिवस उभे राहून विचारले, "सर, ड्रॅक्युला अपने कब्रस्तान में भी आता क्या?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "सर, वो कोने के घरवाली खाला है ना, वो बी बच्चों का खून चूसती."

मग मात्र आम्हाला हसू आले नाही. मोहल्ल्याच्या टोकाला एकटी राहणारी ती म्हातारी आम्हाला ठाऊक होती. ड्रॅक्युलापासून खालापर्यंत यायला मुलांना एक क्षणही लागला नाही. हे अंतर इतके कमी कसे, हा प्रश्न मनात घेऊन आम्ही इतिहास चाळला. जे हाती लागले ते येथे मांडतो आहोत.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. जाहिलियतच्या काळातले अरब मानत की, खून झालेल्या माणसाच्या डोक्यातून 'हामा' नावाचा पक्षी निघतो. तो कबरीवर बसून तहानेने ओरडत राहतो आणि सूड पुरा होऊन मारेकऱ्याचे रक्त सांडेपर्यंत गप्प होत नाही. म्हणजे मेलेल्याची रक्ताची तहान ही कल्पना अरबस्तानातही होती आणि तिच्या जोरावर टोळ्यांची वैरे पिढ्यान् पिढ्या चालत. हामा म्हणून काही नाही, असे हजरत मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगितल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आमच्या मते तो नुसता एका वहमाला दिलेला नकार नव्हता. त्या पक्ष्याच्या नावावर जिवंत माणसे मारली जात होती, त्या रिवाजाच्या मुळावरच तो घाव होता.

आपल्या मुलखातला कबरीचा नव्हे पण स्मशानाचा रहिवासी म्हणजे वेताळ. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात त्याच्या गोष्टी आहेत. हा वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात राहतो, पण विक्रमाचे रक्त पीत नाही. त्याला प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, अशी अट असते. १८०५ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून मजहर अली खान विला आणि लल्लूलाल यांची 'बैताल पच्चीसी' छापून आली. एक मुसलमान आणि एक हिंदू एका टेबलाशी बसले आणि वेताळ हिंदुस्तानीत बोलू लागला. पुढे मराठीतही 'वेताळ पंचविशी' घरोघर वाचली गेली. १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आले, तेव्हा मुले पुढचा भाग कधी येतो याची वाट पाहत. या वेताळाला इंग्रजीत 'व्हॅम्पायर' हे नाव रिचर्ड बर्टनने १८७० साली आपल्या पुस्तकाच्या मथळ्यातच दिले. पुढे 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर या बर्टनला भेटला होता आणि त्याच्या सुळ्यासारख्या दाताचे वर्णनही त्याने करून ठेवले आहे.

पण व्हॅम्पायरचे खरे गाव बाल्कन प्रदेशात आहे, आणि ते उस्मानी तुर्कांच्या सरहद्दीवर आहे. १७१८ च्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे गेला. १७२५ साली तिथल्या किसिल्येवो गावात काही दिवसांत लागोपाठ माणसे मेली. गावकऱ्यांनी पेतार ब्लागोयेविच नावाच्या मृताची कबर उघडली. प्रेत ताजे दिसले, ओठांवर रक्त दिसले. त्यांनी छातीत खुंटा ठोकून ते जाळले. १७३२ साली मेद्वेजा गावातल्या अशाच प्रकाराचा अहवाल ऑस्ट्रियन लष्करी डॉक्टरांनी लिहिला आणि तो साऱ्या युरोपात गाजला. तिथला पहिला आरोपी आर्नोल्ड पाओले जिवंतपणी सांगत असे की, आपल्याला व्हॅम्पायरची बाधा तुर्कांच्या हद्दीत झाली. बला नेहमी पलीकडूनच येते, असे प्रत्येक गावाला वाटते.

त्या रक्ताचे कोडे आज उलगडलेले आहे. मृतदेह कुजताना आत वायू साठतो, पोट फुगते आणि काळसर तांबडा द्रव तोंडा-नाकावाटे बाहेर येतो. कातडी आक्रसते म्हणून नखे आणि दात वाढल्यासारखे दिसतात. खुंटा ठोकला की वायू बाहेर पडतो आणि मुर्दा कण्हल्याचा भास होतो. गावकऱ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते, त्यांनी काढलेला अर्थ खोटा होता. साथीचे कारण न कळल्याने त्यांनी गुन्हेगार शोधला. सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला डॉक्टर व्हान स्वीटेन याचे मत घेऊन १७५५ साली कबरी उकरण्यावर बंदी घातली.

ही फक्त ख्रिस्ती शेतकऱ्यांची भोळसट होती, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. १८३३ साली उस्मानी सरकारच्या 'तक्वीम-ए-वकाई' या अधिकृत अखबारात तिर्नोव्हाच्या काझीचे पत्र छापले गेले. हे शहर आज बल्गेरियात आहे. शहरात रात्री मुर्दे उपद्रव करतात, म्हणून निकोला नावाच्या ख्रिस्ती मांत्रिकाला बोलावले. त्याने ज्या दोन कबरी दाखवल्या, त्या जॅनिसरी फौजेतल्या माणसांच्या निघाल्या. प्रेते जाळण्यात आली. मुसलमान प्रेत जाळणे ही केवढी मोठी गोष्ट, हे वाचकांना सांगायला नको. पण सुलतान महमूद दुसरा याने ही फौज १८२६ सालीच रक्तपात करून मोडून काढली होती. तिच्या मेलेल्या शिपायांनाही रक्तपिपासू ठरवणे दरबाराच्या सोयीचे होते. जिवंतपणी ज्यांना शत्रू ठरवले, त्यांना मेल्यावर सैतान ठरवणे सोपे जाते.

१८९७ साली स्टोकरची कादंबरी आली. तिच्यातल्या सरदाराचे नाव वालाकियाच्या व्लाद तिसऱ्यावरून आले. हा व्लाद लहानपणी उस्मानी दरबारात ओलीस होता आणि १४६२ साली सुलतान महमद फातेहशी लढला. तो क्रूर होता हे खरे, माणसे सुळावर चढवी हेही खरे. पण कबरीतून उठून रक्त पिण्याची कीर्ती त्याला या कादंबरीने मिळवून दिली. पुढे प्रत्येक मुलखाने त्याला आपापले कपडे चढवले. इस्तंबूलमध्ये १९५३ साली त्याच्यावर तुर्की चित्रपट निघाला. लाहोरमध्ये १९६७ साली 'जिंदा लाश' आला, त्यातला प्रोफेसर अमर होण्याची दवा पितो आणि लाश होऊन हिंडतो. आपल्याकडे १९९० साली रामसे बंधूंनी 'बंद दरवाजा' काढला.

या साऱ्यांचे आकर्षण कशात आहे? आम्हाला वाटते, दोन गोष्टींत. मरण टाळावे ही हौस प्रत्येकाच्या मनात असते आणि व्हॅम्पायर ती हौस पुरी करून तिची किंमतही दाखवतो. दुसरे म्हणजे, निनावी भीतीला तो एक चेहरा देतो. आजार, दुष्काळ, कर्ज यांना चेहरा नसतो. चेहरा सापडला की माणसाला हायसे वाटते. गोष्ट पडद्यावर असते तोवर यात काही बिघडत नाही. पण तो चेहरा शेजारच्या घरातला निघाला, की गोष्ट संपते आणि गुन्हा सुरू होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती, एवढेच कारण. जादूटोणाविरोधी कायदा याच राज्यात, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली झालेला होता. कायदा होता, पण जमावातल्या कुणीही वेताळासारखा प्रश्न विचारला नाही. आपल्या समाजाने अफवांचे चटके सोसले आहेत, म्हणून दुसऱ्याबद्दलची अफवा पुढे ढकलण्याआधी आपला हात तरी थांबला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाला विक्रम-वेताळाची गोष्ट सांगितली आणि मग आम्हीच वेताळ झालो. खालाला रक्त पिताना कुणी पाहिले? कुणीच नाही. कोणते मूल आजारी पडले? नाव निघेना. मग असे का म्हणता? बराच वेळ शांतता होती. शेवटी मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, "उनका मुंह लाल रहता, सर."

आम्ही काही बोललो नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी त्याच्याकडे वळून म्हणाली, "अरे, वो पान खाती."