विहारातला उजेड आणि लेण्यांतली सावली : बांधकामाआधी विचारात घ्यायच्या गोष्टी

पिंपरी-चिंचवड, देहूरोड, तळेगाव, चाकण या पट्ट्यात जुने पत्र्याचे विहार पाडून नवी आरसीसी विहारे उभी राहत आहेत. समाज वर्गणी काढतो, कंपनीत पाळ्या करणारे उपासक सुट्टीच्या दिवशी श्रमदान करतात. बैठकांमध्ये मूर्ती कुठून आणायची, फरशी कोणती, कळस कसा, यावर तासन्‌तास चर्चा होते. खिडकी कोणत्या भिंतीला आणि किती उंचीवर, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. मग भर दुपारी ट्यूबलाइट लावून वंदना घ्यावी लागते आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की अभ्यासिका बंद पडते. उजेड आणि सावली हा वास्तुरचनेचा मूळ भाग आहे. आपल्या परंपरेला तो दोन हजार वर्षांपूर्वीच कळला होता, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

विनयातील तीन खिडक्या

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात निवासस्थानांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात खिडक्या नसलेल्या विहारांची तक्रार तथागतांपर्यंत पोहोचते. अशा विहारांत डोळ्यांना नीट दिसत नाही आणि आत कुबट वास येतो, अशी ती तक्रार आहे. त्यावर तथागत तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती देतात : कठड्यासारखी वेदिका असलेली, जाळीची आणि उभ्या पट्ट्यांची. खिडकीला पाली शब्द आहे ‘वातपान’, म्हणजे वारा पिणारी. याच प्रकरणात विहाराच्या भिंतींना पांढरा रंग देण्याचीही परवानगी आहे. पांढरी भिंत आलेला उजेड परत फेकते आणि खोली उजळते.

या तिन्ही खिडक्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. उजेड आणि वारा आत येतो, पण ऊन सरळ अंगावर येत नाही. डोळ्यांना त्रास होतो म्हणून उपाय करा, इतका साधा हा विचार आहे.

कार्ले, भाजे, बेडसे : एकाच खिडकीचे तीन वापर

पिंपरीहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की एका बाजूला कार्ले आणि दुसऱ्या बाजूला भाजे. बेडशासाठी त्याआधी कामशेतला उतरावे लागते. ही लेणी आपण अभिमानाने पाहतो. पुढच्या वेळी ती उजेडाच्या नजरेने पाहावीत, असे आम्ही सुचवतो.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. एवढ्या मोठ्या सभागृहाला मागे किंवा बाजूला एकही खिडकी नाही, कारण तिन्ही बाजूंना डोंगर आहे. सगळा उजेड समोरून येतो, आणि त्यातला बराचसा दरवाजांच्या वरच्या पिंपळपानाकृती चैत्यकमानीतून. कमान उंचावर असल्याने उजेड माणसांच्या डोक्यांवरून आत जातो आणि मधल्या मोकळ्या भागातून स्तूपापर्यंत पोहोचतो. दोन्ही बाजूंच्या खांबांमागचा प्रदक्षिणामार्ग अर्धवट अंधारात राहतो. अंधारातून चालणाऱ्याची नजर आपोआप उजळलेल्या स्तूपाकडे जाते. कमानीत मूळ लाकडी कामाचे अवशेष आजही आहेत. असे लाकूडकाम उन्हाची धार कमी करते, म्हणजे वातपानाचेच काम करते. बाहेरच्या लख्ख उन्हातून आधी ओसरी, मग सभागृह, अशा टप्प्यांत डोळ्यांना अंधाराची सवय होते.

भाजे येथील चैत्यगृह त्याहून जुने, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातले. त्याचा समोरचा लाकडी भाग नष्ट झाला आहे. त्यामुळे आज तिथे दिसणारा उजेड मूळ योजनेपेक्षा जास्त आहे, हे लक्षात ठेवून ते पाहावे.

कार्ले आणि भाजे पश्चिमाभिमुख, तर बेडसे पूर्वाभिमुख. म्हणून बेडशाला सकाळी जावे. समोरचा कातळ पूर्ण न फोडता अरुंद वाट ठेवलेली आहे. त्या बोळातून पुढे गेल्यावर उंच खांब आणि त्यांच्यावरील स्वार कोवळ्या तिरप्या उन्हात ठसठशीत दिसतात. दगडातले कोरीवकाम सावलीमुळेच वाचता येते. सगळीकडून सारखा उजेड पडला तर उठाव सपाट दिसतो.

कारखान्याच्या शेडमधला धडा

आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य शेडखाली जाते. जुन्या कारखान्यांचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर आठवा. त्यातल्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात, म्हणून त्याला नॉर्थ लाइट म्हणतात. उत्तरेकडून येणारा उजेड एकसारखा असतो, त्यात ऊन जवळजवळ नसते आणि मशीनवर गडद सावल्या पडत नाहीत. नव्या शेडमध्ये पत्र्यांच्या मधे पारदर्शक शीट टाकतात. त्यातून उजेड मिळतो, पण उन्हाळ्यात उष्णताही येते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम १७ प्रकाशाविषयी होते. कामाच्या आणि येण्याजाण्याच्या प्रत्येक जागी पुरेसा व योग्य प्रकाश हवा, डोळे दिपता कामा नयेत, आणि डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघात घडेल अशा सावल्या पडू नयेत याची व्यवस्था हवी, असे त्यात म्हटले होते. लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांसाठी कायदा झाला, मग अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांचा विचार आपण आपणहून करायला नको का?

आपल्या आकाशातला सूर्य

पिंपरी-चिंचवड साधारण १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दुपारी सूर्य सर्वांत वर असताना त्याची क्षितिजापासूनची उंची १४ एप्रिलला सुमारे ८१ अंश, १४ ऑक्टोबरला ६३ अंश आणि ६ डिसेंबरला ४९ अंश असते.

याचा उपयोग असा : दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर दुपारी त्याची सावली एप्रिलमध्ये बारा फूट खाली पोहोचते, म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत. ऑक्टोबरमध्ये ती सुमारे चार फूट आणि डिसेंबरमध्ये फक्त सव्वादोन फूट असते. उन्हाळ्यात ऊन बाहेर, थंडीत थोडे आत. एका छज्जाने एवढे साधते. पूर्व-पश्चिमेला मात्र सूर्य खाली असतो, तिथे छज्जा पुरत नाही, जाळी किंवा उभ्या पट्ट्या लागतात. उत्तरेची खिडकी वाचनासाठी उत्तम. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकतो, तेवढ्यासाठी लहान छज्जा पुरे.

आजचे उदाहरण : साकरवाडीचे जेतवन

कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे साखर कारखान्याच्या परिसरात ‘जेतवन’ हे बौद्ध समाजासाठीचे केंद्र आहे. वास्तुविशारद समीप पडोरा यांच्या संस्थेने ते रचले. तिथली झाडे न तोडता त्यांच्या मधल्या जागांत इमारती बसवल्या आहेत. खाणीतील बेसाल्टची भुकटी आणि कारखान्याची राख ठोकून भिंती उभ्या केल्या. छपरे नेहमीच्या उलट, बाहेरच्या कडेला उंच होत जातात. त्यामुळे झाडांतून गाळून आलेला उजेड आत येतो. महागड्या सामानाशिवाय हे होऊ शकते, हे या वास्तूने दाखवले आहे.

आर्किटेक्टला आणि ठेकेदाराला काय विचारावे

१. नकाशावर उत्तर दिशा दाखवली आहे का? वाचनाची जागा उत्तरेला आणि जिना, स्वच्छतागृह, भांडार पश्चिमेला घेता येईल का?

२. दोन्ही बाजूंना शेजारची भिंत असेल, तर मधला स्लॅब उंच करून त्याच्या बाजूंना उभ्या खिडक्या घ्याव्यात. मावळचा पाऊस पाहता सपाट काचेपेक्षा उभी खिडकी कमी गळते.

३. मूर्तीच्या थेट मागे खिडकी नको. मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. मूर्तीमागच्या रंगीत एलईडी वलयानेही हेच होते. वरून एका बाजूने सौम्य उजेड पडला, तर अर्धोन्मीलित डोळे आणि ओठांवरचे स्मित स्पष्ट दिसते.

४. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

५. छत आणि वरच्या भिंती पांढऱ्या ठेवाव्यात. चकचकीत ग्रॅनाइटने डोळे दिपतात.

६. दारापुढे छोटी तरी ओसरी हवी. चप्पल काढण्याच्या वेळात डोळे सावलीला सरावतात.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या भूमीच्या आसपास आज आपण विहारे बांधत आहोत. ज्यांच्या घरी एकच खोली आहे आणि रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा तिथे झोपलेला असतो, त्या मुलांसाठी विहार हीच वाचनाची खोली आहे. खिडकीची जागा स्लॅब पडण्याआधी ठरवली तर तिला फारसा वेगळा खर्च येत नाही. नंतर भिंत फोडावी लागते. म्हणून पुढच्या बांधकाम समितीच्या बैठकीत कळसाच्या आधी खिडकीचा विषय घ्यावा, अशी आमची सर्व कार्यकर्त्यांना विनंती आहे.