शनिवार, रात्री ९.५२

शुक्रवार, १७ मे २०२४, संध्याकाळी ६.५०. उरले २७ तास.

सांगलीत वळीव कोसळला. गावभागातल्या आमच्या घरातले दिवे दोनदा मिणमिणले, गेले आणि परत आले. माडीवर आईच्या लाकडी कपाटाशेजारी ठेवलेला नॅसचा बॉक्स, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली साठवणारी पेटी, बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि एकसारखा टूं-टूं करू लागला. चार डिस्कांपैकी तिसरीचा हिरवा दिवा नारिंगी झाला होता. दादाने आवाज बंद केला. फोटो उघडत होते, टीव्हीवर सिनेमाही लागत होता. पडद्यावर एक नवा शब्द तेवढा आला होता, 'डिग्रेडेड'.

तो बॉक्स माडीवर का होता, हे सांगायला हवं. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खालच्या खोलीतली ट्रंक कित्येक दिवस पाण्याखाली होती. उघडली तेव्हा अल्बमची पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. आई, वहिनी आणि मी बादलीतल्या स्वच्छ पाण्यात एकेक फोटो सोडवत बसलो, दोरीवर चिमट्यांनी वाळवले आणि बुरशी धरायच्या आत जमतील तेवढे स्कॅन केले. मूळ फोटो पुढे टाकूनच द्यावे लागले. २०२०च्या लॉकडाउनमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट आम्ही संगणकावर उतरवून घेतली. दुसऱ्यांदा लावली तेव्हा तिची फीत तुटली. तेव्हापासून हे सगळं त्या बॉक्समध्ये होतं आणि फक्त तिथेच होतं. पुराला भिऊन आम्ही तो उंचावर ठेवला. त्याला दुसरं काही होईल असं मनातच आलं नाही.

रात्री ८.१५. उरले साडेपंचवीस तास.

दादाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्यावरून घरी चालले होते. लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे असल्या बाबतीत घरातला पहिला फोन मला येतो.

"तिसरी डिस्क गेलीय गं. काय करू?"

"उद्या नवी आण, त्याच खणात बसव आणि रिपेअर दाब. पुढचं तो आपलं आपण करतो."

या हकिकतीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे हे उत्तर, आणि ते मी दिलं.

आमच्या बॉक्समध्ये रेड-५ नावाची रचना होती. १९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी एक निबंध मांडला: अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधून एका महागड्या डिस्कचं काम करून घ्यायचं, आणि एखादी गेली तरी अडायचं नाही. कल्पना आईला समजावली होती तशी सांगते. तीन वह्यांत तीन आकडे लिहिले आणि चौथीत त्यांची बेरीज मांडून ठेवली. कुठलीही एक वही हरवली तर उरलेल्या तिन्हींवरून तिच्यातला आकडा काढता येतो. दोन हरवल्या की काहीच काढता येत नाही. प्रत्यक्षातली बेरीज सम-विषमाची असते आणि ती चारही डिस्कांवर पाळीपाळीने लिहिलेली असते, पण हिशेब हाच.

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी आमची एक वही हरवली होती आणि त्यानंतर कुठलीच हरवून चालणार नव्हतं. नवी डिस्क कधी आणायची हा त्या रात्रीचा प्रश्न नव्हताच. बॉक्समध्ये पाच टीबीहून अधिक फाइली होत्या, पण त्यात सिनेमे आणि लग्नांची शूटिंगंच जास्त. ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती ते सगळं मिळून ४१० जीबी. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने एवढी नक्कल उतरवायला एक तास दहा मिनिटं लागतात. रिकामी पोर्टेबल डिस्क त्याच कपाटाच्या खालच्या खणात होती.

शनिवार, सकाळी १०.४०. उरले ११ तास.

दादाने चार टीबीची नवी डिस्क आणली. जुन्या चारही त्याने २०१९च्या डिसेंबरमध्ये एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतल्या होत्या. त्या एकाच वेळी सुरू झाल्या, एकाच कपाटाशेजारी त्याच उन्हाळ्यात तापल्या, विजेचे तेच झटके त्यांनी सोसले. एक थकली तेव्हा बाकीच्या तिघींचं वयही तेवढंच होतं.

गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवते. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी धोक्याच्या मुख्य चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं.

दुपारी १२.१५. उरले साडेनऊ तास.

रिपेअर सुरू झालं. पडद्याने अंदाज दिला, अकरा तास.

या अकरा तासांत बॉक्स काय करतो? रिकाम्या नव्या डिस्कवर हरवलेली वही पुन्हा लिहून काढतो आणि त्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. एकही जागा सोडत नाही. एरवी आपण गेल्या महिन्यातले फोटो उघडतो, कालची फाइल उघडतो. स्कॅन केलेले अल्बम डिस्कवर जिथे होते तिथे वाचणारी सुई चार वर्षांत क्वचितच गेली होती. तिथला एखादा तुकडा मधल्या काळात खराब झाला असेल तर ते कळणार कधी? वाचायला जाऊ तेव्हाच. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्का वाचून पाहण्याची सोय बॉक्समध्ये असते, तिला स्क्रबिंग म्हणतात. आमच्याकडे ती बंद होती, कारण आम्ही ती कधी सुरूच केली नव्हती.

साध्या डिस्कांच्या कागदावर एक आकडा छापलेला असतो: १०चा चौदावा घात इतके बिट वाचताना न वाचता येणारी चूक फार तर एक. हे बिट म्हणजे साडेबारा टीबी. आम्हाला त्या दुपारी बारा टीबी वाचायचे होते. बहुतेक डिस्का या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या चालतात हे खरं, पण चार वर्षं तापलेल्या डिस्कांच्या भरवशावर मी बारा टीबी लावले होते.

दुपारी ३.१०. उरले पावणेसात तास.

२६ टक्के. बाहेर ऊन, माडीवर पत्र्याची धग, डिस्कांचं तापमान ५१ अंश. वहिनी वाळवणं आत घ्यायला वर आल्या तेव्हा त्यांना बॉक्समधून बारीक टक-टक ऐकू आली. त्यांनी दादाला सांगितलं. दादाने मला विचारलं. मी म्हटलं, काम चाललंय म्हणजे आवाज येणारच. वहिनींचा कान बरोबर होता. तो आवाज पहिल्या डिस्कचा होता. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करताना सुई माघारी येते आणि परत जाते, तो.

संध्याकाळी ७.३०. उरले सव्वादोन तास.

६१ टक्के. दुपारी सेकंदाला १०० एमबीने चाललेलं काम ९ एमबीवर आलं होतं. अजूनही थांबवून आधी नक्कल काढता आली असती. आजीच्या ओव्यांची फाइल अर्धा जीबीसुद्धा नाही.

रात्री ९.५२.

६३ टक्क्यांवर पहिली डिस्क बाहेर पडली. 'व्हॉल्यूम क्रॅश्ड', म्हणजे चारही डिस्कांची मिळून असलेली साठवण कोसळली. फोटोंचं फोल्डर दिसेनासं झालं.

ती डिस्क त्या क्षणी मेली नव्हती, हे मला दोन दिवसांनी कळलं. संगणकासाठीची साधी डिस्क अवघड जागेशी दोन-दोन मिनिटंही झगडत बसते, कारण तिच्या समजुतीप्रमाणे ती घरात एकटीच असते. नॅससाठी बनवलेली सात-एक सेकंदांत हार मानते आणि तसं कळवते, म्हणजे बाकीच्या डिस्का उणीव भरून काढू शकतात. दादाने घेतलेल्या चारही साध्या होत्या. लिनक्स सहसा तीस सेकंद वाट पाहतो. उत्तर आलं नाही की डिस्क गेली असं धरून तिला बाहेर काढतो. आमची पहिली डिस्क अजून वाचायचा प्रयत्न करत होती.

रात्री १०.१०. अठरा मिनिटं झाली.

"नवा व्हॉल्यूम तयार करायचा का विचारतंय. हो म्हणू?"

"दादा, हात काढ. काही दाबू नकोस. बंद कर आणि वायर काढ."

माझा आवाज ऐकून त्याने पुढे एक शब्दही विचारला नाही. नवा व्हॉल्यूम म्हणजे चारही वह्यांवर नव्याने रेघा मारणं. एक चुकीची आज्ञा किती महागात पडते पाहा: ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. त्यांच्या बॅकअपच्या ठरलेल्या सोयी एकामागून एक निकामी निघाल्या. सहा तास आधी कुणी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती म्हणून ते वाचले. मी ती हकिकत वाचली होती, सहकाऱ्यांना सांगितलीही होती.

रविवार, सकाळी ११.

दादाने डिस्कांवर मार्करने १, २, ३, ४ लिहिलं, टॉवेलमध्ये एकेक गुंडाळली आणि पिशवी मांडीवर घेऊन इस्लामपूर, कराडमार्गे एसटीने साताऱ्याला आला. कृष्णेचं पाणी इथून खाली सांगलीला जातं. त्या दिवशी घर उलट वर आलं, पिशवीतून. शुक्रवारी पडलेली तिसरी डिस्क त्याने मागे ठेवली नव्हती. तिनेही आम्हाला वाचवलं.

मूळ डिस्कांवर काहीही करायचं नाही, आधी प्रत्येकीची हुबेहूब नक्कल काढायची आणि प्रयोग नकलेवर करायचे. हा नियम मी त्या दिवशी पाळला. नकलेसाठी अंतोनियो दिआस दिआस यांनी लिहिलेली डीडीरेस्क्यू ही मोफत आज्ञावली वापरली. तिची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. आजारी डिस्ककडून आधी सहज मिळेल तेवढं सगळं घ्यायचं, अडेल तिथे न झगडता पुढे उडी मारायची आणि सोडलेल्या जागांची नोंद ठेवायची. सोपं सगळं हाताशी आलं की मग त्या नोंदीवरून एकेका अवघड जागेकडे परत जायचं. मधेच वीज गेली तरी नोंदीवरून काम पुढे चालू होतं.

दुसरी आणि चौथी पूर्ण उतरल्या. पहिलीतून सोमवारी सकाळपर्यंत ६४० एमबी सोडून सगळं आलं. पुढचे तीन दिवस डीडीरेस्क्यू तेवढ्यावरच घासत राहिली. गुरुवारी ३८ एमबी उरले, ते काही केल्या येईनात. तिसरी डिस्क २२ टक्क्यांपर्यंत वाचली गेली आणि मग कायमची गप्प झाली.

गुरुवार, रात्री.

रेडमधली प्रत्येक डिस्क स्वतःवर आजवरच्या बदलांची एक मोजणी लिहून ठेवते. दुसरी आणि चौथीचा आकडा सारखा होता, पहिलीचा जरासा मागे, तिसरीचा खूप मागे. म्हणजे १, २ आणि ४ जोडायच्या. रेड जोडणाऱ्या एमडीएडीएम या आज्ञेला मी नकला फक्त वाचण्यापुरत्या दिल्या आणि जबरदस्तीने जुळवायला सांगितलं. नवी रचना बनवणारी आज्ञा तिच्या माहितीपानावर तिथेच शेजारी असते. मी टंकलेली ओळ दादाला मोठ्याने वाचायला लावली आणि मगच एंटर दाबलं.

फोल्डर दिसलं. दादा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

३८ एमबीची भोकं होती, त्यातली काही जुन्या तिसऱ्या डिस्कने बुजवली. अल्बम शुक्रवारनंतर कुणी बदललेले नव्हते, म्हणून तिची शिळी बेरीजही तिथे खरी होती. उरलेली भोकं कुठल्या फाइलींत पडली हे शोधायला मी न वाचलेल्या जागांवर एक खुणेचा मजकूर भरून ठेवला आणि तो कुठे-कुठे येतो ते पाहिलं. काही भोकं तशीही सापडली नाहीत. मग आम्ही जवळजवळ दोन हजार फोटो एकेक करून उघडले.

ओव्यांच्या फाइलीत दोन भोकं होती, प्रत्येकी चार केबीची. कॅसेट न दाबता (अनकॉम्प्रेस्ड) साठवलेली होती आणि त्या आवाजात चार केबी म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भागही नाही. जात्याच्या घरघरीत ती ऐकूसुद्धा येत नाहीत. तेवढंच भोक जेपेग फोटोत पडलं तर मात्र तिथून खालचं चित्र बिघडतं, कारण पुढचा प्रत्येक तुकडा मागच्याच्या आधाराने लिहिलेला असतो. असे सात फोटो गेले. त्यांतला एक हरिपूरच्या संगमावरचा, आईच्या लग्नाआधीचा. मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे स्पष्ट आहेत आणि त्यांच्या छातीपासून खाली सगळं करडं. पुढची बसलेली रांग त्या करड्यात गेली.

जूनमध्ये मी सांगलीला गेले तेव्हा तो फोटो छापून नेला. आईने करड्या भागावर बोट ठेवत डावीकडून नावं सांगितली आणि मी ती पेन्सिलने त्या-त्या जागी लिहिली. आत्यालाही फोन लावून विचारलं. चौथ्या जागेवर आईच्या मते धाकटी मावशी होती, आत्या म्हणते शेजारच्यांची मुलगी. तिथे मी दोन्ही नावं लिहिली आहेत.